ओ कोणी दिली

एरवी कुणी विचारलं तर मी ह्याला ‘तांत्रिक बिघाड’ म्हणते. ऑफिसात तेवढं पुरतं, समोरचा मान हलवून चहाकडे वळतो. पण तुम्ही दिवा जवळ ओढून, मांडी ठोकून बसलायत आणि आवाज खाली आणून विचारताय, की भावना, त्या मशीननं नेमकं काय लिहिलं होतं गं? मग बिघाड-बिघाड राहू दे बाजूला. जसं झालं तसं सांगते. मधे फक्त हुंकार देत राहा, म्हणजे तुम्ही आहात हे मला कळेल.

भिवंडीत शुक्रवारी कापडाचे पॉवरलूम बंद असतात. बाहेरच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, पण इथं राहणाऱ्याला आठवडाभर ती खटक-खटक अंगात मुरलेली असते, आणि शुक्रवारी ती थांबली की कानात पोकळी झाल्यासारखं होतं. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर आमची खोली आहे. आमची म्हणजे माझी आणि भूपेशची. पोटासाठी आम्ही दापोड्याच्या गोदामांना लागणारे प्रोग्राम बनवतो. हौसेसाठी मात्र एकच वेड होतं: बोलणं ऐकून ते लिहून काढणारं सॉफ्टवेअर. ते कुठल्या कंपनीच्या मालकीचं नव्हतं. जगभरातली आमच्यासारखी रिकामटेकडी माणसं ते मिळून लिहितात, कुणीही उघडून बघावं, दुरुस्त करावं, वापरावं. फुकट होतं म्हणून नव्हे, उघडं होतं म्हणून आम्ही ते घेतलं. बंद डब्यातली मशीन चुकली तर शिव्या घालण्यापलीकडे आपण काय करणार?

आणि ती चुकतच होती. एका गोदामात आम्ही ती बसवली होती. माल उचलता उचलता कामगारानं तोंडानं नंबर बोलायचा, मशीननं लिहायचा. बिहारचे हमाल बोलले की बरोबर लिही, मुंबईचा सुपरवायझर बोलला की बरोबर लिही. सावळ्या बोलला की मात्र तिची दातखीळ बसे. सावळ्या आतल्या पाड्यावरचा वारली पोरगा, पंचविशीतला, रोजावर हमाली करणारा. तो म्हणाला, “यो खोका न्हाय घावत.” मशीननं लिहिलं, ‘योग का नाही भावात.’ सगळ्यात जास्त तोच हसला. “ताई, तुजी मशीन आमच्या पाऱ्यावर कवा आलीच न्हाय,” म्हणाला. मला ते लागलं. म्हटलं, मग तुमच्या पाड्याचे आवाज आण, शिकवू तिला. तो म्हणाला, “माज्या आयला आनतो. ती बोलाला लागली का तुजी मशीनच दमंल.”

म्हणून त्या शुक्रवारी दुपारी बायडीमावशी आमच्या खोलीत आली. सावळ्या तिला रिक्षातून उतरवून तसाच कामावर गेला. ठेंगणी, काटक बाई, कपाळावर आणि हातांवर गोंदण, खुर्चीवर पाय वर घेऊन बसली आणि माईककडे बघून म्हणाली, “ह्याला काय खावाला घालाचा?” भूपेशला ती तिथंच आवडली.

ती शेताबद्दल बोलली, मासे पकडायच्या जागांबद्दल बोलली, आणि मग तिन्हीसांजेला बांधावरून सावळ्याला जेवायला कशी हाक मारते ते तिनं करून दाखवलं. हाकही तिची आणि उत्तरही तिचंच. “सावळ्या रं!” मग आवाज बदलून, लांबून आल्यासारखी, “ओ…!” मग पुन्हा मोठ्यानं, “जेवाला ये!”

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मशीननं लिहिलेलं मी वाचून दाखवत होते. “सावळ्या रे. जेवायला ये.”

“आनी मधली ओ?”

ओ नव्हती. भूपेशनं समजावलं, “मावशी, माणूस बोलताना अं करतो, हं करतो, ओ करतो. ते आपण गाळून टाकतो. कचरा असतो ना तो.”

“ओ कचरा हाय?” मावशीनं पाय खाली सोडले. “आरं, ओ म्हंजे मी हाय. हाकेला ओ न्हाय आली, तं मानूस हाय का न्हाय ता कसा कलंल?”

भूपेशनं कान पकडले आणि गाळायच्या शब्दांच्या यादीतून ओ काढून टाकली. “घ्या मावशी, तुमची ओ परत आणली.” ती खुदकन हसली. तेवढ्यात माझा फोन वाजला. सावळ्याबरोबर काम करणारा एक पोरगा होता, आणि त्याला नीट बोलता येत नव्हतं.

“ताई, माळा पडला… अख्खा माळा खाली आला. सावळ्या दिसत न्हाय.”

मी मावशीकडे बघितलं. ती उठून दारात उभी राहिली. आम्ही लॅपटॉप तसाच उघडा पिशवीत कोंबला, भूपेशनं हाताला लागतील ते फोन खिशात घातले आणि खाली जाऊन रिक्षा केली. आमचा काही बेत वगैरे नव्हता. वस्तू हातात होत्या, त्या घेऊन आम्ही पळालो, एवढंच.

गोदामाचा पुढचा अर्धा भाग उभा होता. मागच्या अर्ध्या भागात लोखंडी खांबांवर एक माळा टाकलेला होता, त्यावर छतापर्यंत माल. तो सगळा मालासकट खाली बसला होता, आणि मागची भिंत आत कलून त्यावर रेलली होती. उन्हं अजून चांगली होती, पण आत, वाकलेल्या पत्र्यांच्या आणि खोक्यांच्या खाली, गच्च काळोख दिसत होता. आणि वास… तो मी अजून विसरले नाही. माल टाल्कम पावडरचा होता. शेकडो डबे फुटले होते, हवेत पांढरा धूर तरंगत होता आणि त्या सगळ्या पडझडीला नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास येत होता.

अग्निशमन दलाचे लोक आधीच पोचले होते. त्यांचा म्होरक्या केसरीनाथ, आमच्याच भागातला आगरी माणूस, घसा बसलेला, डोळे पावडरीनं लाल. सुपरवायझर त्याच्यामागे फिरत सांगत होता, “सब बाहर है साब. सावळ्या तो चाय पीने निकला था, मैंने खुद देखा.” पण चहाच्या टपरीवर सावळ्या नव्हता, आणि त्याचा फोन बंद येत होता.

अडचण अशी होती की ती रेललेली भिंत कधीही खाली येणार होती. पलीकडे दुसरं गोदाम होतं, त्यात माणसं कामाला होती. अंधार पडायच्या आत जेसीबीनं ती भिंत ओढून पाडायला हवी होती. आत कुणी नसेल तर हरकत नव्हती. सावळ्या आत असेल तर भिंत त्याच्या अंगावरच पडणार होती. जेसीबी इंजिन घुरघुरवत दारात उभा होता.

केसरीनाथनं हात वर केला. जेसीबी बंद झाला, मग रस्त्यावरचे ट्रक, मग सुपरवायझरचं तोंड. मी त्याच्याजवळ जाऊन काय सांगितलं मला धड आठवत नाही. फोन फटींत ठेवू देता का, ही मशीन बारीक आवाज ऐकते, असंच काहीतरी. तो म्हणाला, “काय करायचाय ते पटकन करा. आत पाय टाकू नका.” भूपेशनं गोदामाच्या चारी अंगांना फटींत लॅपटॉपला जोडलेले चार फोन सरकवले. मी जमिनीवर लॅपटॉप उघडून बसले. बायडीमावशी माझ्या खांद्याला चिकटून वाकून उभी होती. तिनं पदराचा बोळा करून दातांत घट्ट धरला होता. रडत नव्हती, नुसता श्वास घेत होती, आणि तो माझ्या कानाला लागत होता.

केसरीनाथ ओरडला, “सावळ्या! आत असशील तर आवाज दे!”

सगळे थांबले. कुठंतरी एक पत्रा हळूच करकरला. पावडर खाली बसत होती, तिचाही आवाज येतोय असं वाटावं इतकं शांत झालं होतं. कुणालाच काही ऐकू आलं नाही.

पडद्यावर केसरीनाथचं वाक्य उमटलं. त्याच्याखाली, नव्या ओळीत, एकच अक्षर आलं.

‘ओ’

मी भूपेशची बाही ओढली. “भूपेश… बघ.”

त्यानं वाकून बघितलं आणि मान हलवली. “भावना, ह्याच्यावर जाऊ नको. शांततेत हे काहीही लिहितं. मागे रिकाम्या खोलीत ह्यानं ‘धन्यवाद’ लिहिलं होतं, आठवतंय ना? आणि दुपारभर आपण ओ-ओच भरवलंय त्याला.”

“पण एकाच फोनवर आलंय. मागच्या शटरच्या. बाकी तिन्हींवर काही नाही.”

केसरीनाथनं ते ऐकलं होतं. तो वळसा घालून मागच्या शटरपाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि पुन्हा हाक मारली. या वेळी नुसतं नाव. “सावळ्या…!”

काही नाही… नुसता तो गोड वास, आणि लांब हायवेवरचा हॉर्न. केसरीनाथनं पत्र्याला कान लावला होता. त्यानं डोळे मिटले, उघडले.

पडद्यावर पुन्हा तेच आलं. ‘ओ’. शटरच्याच फोनवर.

“आली! परत आली!” मी ओरडले.

केसरीनाथ उठून माझ्याकडे आला. त्यानं पडद्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे असं बघितलं की मला त्याचीच दया आली. “ताई, मी कान लावून बसलो व्हतो. मुंगी चालली असती तरी आली असती ऐकू. दोन हाका मारल्या मी. ती भिंत बघा, वाकली अजून. पलीकडं माणसं हायेत. तुमच्या अक्षरावर मी किती थांबू, सांगा.”

मशीन चुकते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं जेसीबीवाल्याकडे बघून ‘सुरू कर’ म्हणून हात उचलला.

तो हात बायडीमावशीनं धरला. कधी पुढे गेली, मला कळलंच नाही. पदर अजून तोंडात होता, तो तिनं काढला.

“तिसरी न्हाय मारलीस,” ती म्हणाली.

“काय?”

“दोनच मारल्यास. आत अंदार हाय ना? माजा पोऱ्या दोन हाकांना ओ देयाचा न्हाय. तिसरी मार.”

तुम्ही गावाकडचे असाल तर हे तुम्हालाही शिकवलेलं असेल. आमच्याकडे शिकवतातच. अंधारात नावानं हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. जे माणूस नसतं ते ओळखीच्या आवाजात हाक मारतं, पण त्याला तिसरी हाक मारता येत नाही. तिसरी आली, की समजायचं माणूस आहे, मग ओ द्यायची. माझी आई अजूनही तिन्हीसांजेला दार तिसऱ्या हाकेवरच उघडते. सावळ्या आत असेल, शुद्धीवर असेल, तर गुडूप काळोखात पडल्या पडल्या त्याला कुणा परक्याच्या आवाजात आपलं नाव ऐकू आलं होतं. एकदा… आणि मग दुसऱ्यांदा. मग काही नाही.

केसरीनाथचा वर गेलेला हात तसाच खाली आला. त्यानं कपाळावर थापटी मारली. “आयला! माझी आजी पन हेच सांगायची,” तो पुटपुटला. मग मोठ्यानं म्हणाला, “जेसीबी बंदच ठेव! सगळे गप! मावशी, तू मार.”

बायडीमावशी शटरपाशी गेली. दोन्ही हात तोंडाशी धरले. बांधावर उभं राहून मारतात तशी, लांब, वर चढत जाणारी हाक तिनं मारली.

“सावळ्या रं…!”

पडद्याकडे बघायची गरजच पडली नाही. आतून, खूप खालून, खरखरीत आणि मोडका, पण माणसाचाच आवाज आला. सगळ्यांनी ऐकला. जेसीबीवाल्यानंही ऐकला.

“ओ…”

पुढचं सगळं सांगत बसत नाही. भिंतीला आधार दिला, पलीकडचं गोदाम रिकामं केलं, आणि केसरीनाथच्या माणसांनी हातांनी एकेक खोका काढला. हमालांनी रांग लावली, भूपेश रांगेत उभा राहिला, तो सुपरवायझरही राहिला. दिवे लागायच्या सुमारास सावळ्याला बाहेर आणलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढराफेक, फक्त डोळे तेवढे काळे. बायडीमावशीनं त्याच्या तोंडावरची पावडर पदरानं पुसली आणि त्याला एक सणसणीत शिवी दिली. मी तिथंच रस्त्यावर बसून हमसाहमशी रडले. मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता, आणि त्यानंतरही अजून तरी झालेला नाही.

ओ गाळायच्या यादीतून कायमची काढावी म्हणून आम्ही ती दुरुस्ती सगळ्यांसाठी पाठवली. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या बाईनं विचारलं, ह्या शब्दाचा अर्थ काय? मी लिहिलं, ‘मी इथे आहे.’ तिनं ती दुरुस्ती लगेच मान्य केली. आता ते सॉफ्टवेअर जगात कुठंही वापरलं तरी त्यातून ओ गाळली जात नाही. ह्याचा मला आजही अभिमान वाटतो, आणि का वाटू नये?

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं, नाही? पण तुम्ही विचारलंत.

दोन दिवसांनी मी रुग्णालयात गेले. सावळ्याचा एक पाय बांधलेला होता, हातांवर ओरखडे होते, बाकी ठीक होता. बायडीमावशी त्याच्या उशाशी बसून मोसंबं सोलत होती. मी हसत हसत म्हटलं, “काय रे, तू तीनदा ओ दिलीस आणि आम्हाला एकदाच ऐकू आली!”

त्यानं माझ्याकडे बघितलं. “तीनदा? न्हाय ताई. एकदाच दिली. आयनी मारली तवा.”

“मशीनवर तीनदा आली.”

त्यानं आईकडे बघितलं, मग खिडकीकडे. आवाज खाली आणला.

“मी न्हाय दिली ताई. माज्या बाजूला कोन व्हता, त्यानी दिली.”

वॉर्डातला पंखा गरगरत होता. मावशीचा मोसंबं सोलणारा हात थांबला.

“सगला काला व्हता. डोला उघरा का मिटलाय, कला नव्हता. हात अडाकलेलं. मंग हाक आली, सावळ्या… मी गप. आयनी शिकवलाय. तं माज्या कानाशी, अशी जवल… ओ दिली कोनी तरी. हलूच. मी लय घाबारलो. ओरडनार व्हतो. तं मना बोलली, तू गप रं. तू नको देऊस. मी देते.”

“बोलली? बाई होती?”

“आयचाच आवाज व्हता,” सावळ्या म्हणाला. “म्हनून तं घाबारलो. दुसरी हाक आली, ती पन तिनीच घेतली. मंग किती वेल तरी गेला… मंग तिसरी. ती बाहेरशी आली, ती पन आयच्याच आवाजात. एक आय बाहेर, एक आत. मना कलंना, खरी कंची. तं आतली बोलली, आता दे.”

मी बायडीमावशीकडे बघितलं. पहिल्या दोन हाकांच्या वेळी ती माझ्या खांद्याला चिकटून उभी होती, पदर दातांत धरून. तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. तिच्या तोंडून शब्द निघणं शक्यच नव्हतं.

खोलीवर परतल्यावर भूपेशला मी काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, त्या तीन ओ आपल्याकडच्या आवाजांशी ताडून बघ. बोलणारा कोण ते ओळखणारा एक भाग त्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. पहिल्या दोन ओ इतक्या बारीक होत्या की त्यानं त्या खूप वाढवून घेतल्या. त्यानं त्या पुन्हा पुन्हा ऐकल्या. मग म्हणाला, “तिसरी सावळ्याची. पहिल्या दोन… काहीतरी गडबड आहे यार. पहिल्या दोन बायडीमावशीच्या दाखवतंय. दुपारी तिचाच आवाज भरवला होता ना, त्याचा परिणाम असेल.” असेल. मीही ‘असेल’च म्हटलं.

सावळ्या घरी आल्यावर चार दिवसांनी बायडीमावशी एकटी धामणकर नाक्यावर आली. जिना चढून दारातच उभी राहिली, आत येईना.

“बाय,” ती मला म्हणाली, “ती अजून तितंच हाय का गं?”

“कोण मावशी?”

“माज्या पोराला जपनारी.” तिच्या काखेत एक घडी केलेलं लुगडं होतं, धुतलेलं. “त्याला काढला तुमी. तिला कोनी काढला? तिला पन भीती वाटत आसंल ना.”

मी चपला घातल्या.

भर दुपारची वेळ होती. पडलेला भाग साफ झाला होता, भिंत उतरवली होती, नुसती सिमेंटची जमीन उरली होती आणि तिच्यावर ऊन. मागच्या शटरच्या जागी मावशीनं लुगडं ठेवलं. मला म्हणाली, “तुजी मशीन चालू कर.” मी फोनवर ते सुरू केलं. मावशीनं हात तोंडाशी नेले आणि स्वतःच्याच नावानं हाक मारली.

“बायडे…!” आणि मग, थांबत थांबत, आणखी दोनदा.

ओ आली नाही. पडद्यावर फक्त मावशीच्याच हाका उमटल्या. मला किती सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! मावशीला मात्र तसं वाटलं नसावं. ती उकिडवी बसली, लुगड्यावर हात ठेवला आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलली, “बायडे, चल घरा. पोऱ्या घरी आलाय. जेवतो बी हाय. तू आता हितं नको ऱ्हाऊ.” मग लुगडं उचलून तिनं आपल्या काखेत परत घेतलं. मला वाटलं, ठेवून जाईल. पण ती म्हणाली, “ऊन हाय. घरी जाऊन नेसंल ती.”

मी तिला पाड्यापर्यंत सोडायला गेले. आम्ही दोघी मागे, रिक्षावाला पुढे. हायवे सोडून रिक्षा आत वळली, वारा लागला आणि मावशी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिचा चेहरा इतका शांत झाला होता की मी हललेसुद्धा नाही. तिला जागं करू नये म्हणून रिक्षावाल्याशीही हळूच बोलत होते, आणि त्या उन्हात, त्या खडबडीत रस्त्यावर, मला खरंच वाटलं की सगळं नीट झालं.

घरी येऊन पर्स रिकामी करताना लक्षात आलं, फोनवरची मशीन बंद करायची राहून गेली होती. वाटेवरचं सगळं बोलणं तिनं लिहून काढलं होतं. कोण काय बोललं तेही वेगवेगळं मांडलं होतं. माझी वाक्यं होती, रिक्षावाल्याची होती. ‘हळू घ्या, मावशी झोपलीय.’ ‘किधर मुड़ना है मॅडम?’ ‘त्या चिंचेपासून डावीकडे.’ मावशी झोपल्यापासून आम्ही दोघंच बोलत होतो, तर दोघांचीच वाक्यं असायला हवी होती.

चिंचेच्या पुढे एक ओळ वेगळी होती. आवाज बायडीमावशीचा, असं लिहिलं होतं. तेव्हा मावशीचा गाल माझ्या खांद्यावर होता, तोंड मिटलेलं होतं, आणि मी तिच्याकडेच बघत होते.

‘अजून किती लांब हाय गो, घर?’